सिम्युलेटरची इन्स्ट्रुमेंट्स घरी बनवताना: आधी आकडा, मग कोन, मग काटा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुम्ही एक्स-प्लेन या संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सेसना १७२ हे छोटं विमान उडवता, घरात एक जुना १५.६ इंची लॅपटॉप पडून आहे, आणि समोर खऱ्यासारखी सहा इन्स्ट्रुमेंट्स असावीत अशी तुमची इच्छा आहे: वेगाचा एअरस्पीड इंडिकेटर, विमानाचा कल दाखवणारा आर्टिफिशियल होरायझन, उंचीचा अल्टिमीटर, वळणाचा टर्न कोऑर्डिनेटर, दिशेचा हेडिंग इंडिकेटर आणि चढ-उताराच्या वेगाचा व्हीएसआय. परदेशातली तयार पॅनल्स परवडत नाहीत. आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डला २८बीवायजे-४८ ही स्टेपर (पायरी-पायरीने फिरणारी मोटर) जोडून तुम्ही एअरस्पीडचा काटा फिरवून पाहिलात. तो मधल्या भागात दहा-दहा नॉट (विमानाच्या वेगाचं एकक) चुकतो आणि सतत थरथरतो. आता मोटर बदलू, सर्व्हो (दिलेल्या कोनावर जाऊन थांबणारी मोटर) लावू की सगळं स्क्रीनवरच काढू, असं तुम्ही विचारलंय. शिवाय अल्टिमीटरचे तीन काटे एकाच मोटरवर कसे फिरवायचे, हेही.

मोटर बदलून तुमची दहा नॉटची चूक जाणार नाही. या मोटरमध्ये दोष आहेत, पुढे सांगतोच, पण ते इतके मोठे नाहीत. मी फ्लाइंग शिकणाऱ्या मुलांसाठी सरावाची पॅनल्स बांधतो, आणि बिघडलेलं गेज घेऊन कुणी आलं की तीन प्रश्न वेगळे करून बघतो. सिम्युलेटरमधून कुठला आकडा घेतलाय? त्या आकड्याचा डायलवरचा कोन कसा काढलाय? आणि काटा खरंच त्या कोनावर जातोय का? बहुतेकांचं सगळं लक्ष तिसऱ्या प्रश्नावर असतं, कारण मोटर हातात धरता येते. घोटाळा मात्र पहिल्या दोनांत असतो.

आकड्यापासून सुरुवात करू. एक्स-प्लेनमध्ये प्रत्येक राशीसाठी डेटारेफ, म्हणजे ती वाचायचं ठरलेलं नाव, असतो, आणि एकाच गोष्टीचे तीन-चार डेटारेफ सापडतात. 'फ्लाइटमॉडेल' या शाखेत विमान प्रत्यक्षात काय करतंय ते मिळतं. 'कॉकपिट२' शाखेत 'गेजेस' आणि त्याखाली 'इंडिकेटर्स' मध्ये पायलटला काय दिसतंय ते मिळतं. गेजसाठी नेहमी दुसरी शाखा घ्या. पहिलीत एककांचाही घोळ आहे: तिथली उंची मीटरमध्ये आणि ट्रू एअरस्पीड मीटर प्रति सेकंदात येतो. पण एकक बदलता येतं, त्याचं मला फारसं काही नाही. खरी अडचण अशी की त्या शाखेतून घेतलेलं इन्स्ट्रुमेंट कधीच बिघडत नाही.

हे जरा उलगडून सांगतो, कारण सिम्युलेटरचा खरा उपयोग इथेच आहे. १७२ मध्ये आर्टिफिशियल होरायझन आणि हेडिंग इंडिकेटर हे दोन्ही जायरो (आत वेगाने फिरणारं चाक असलेली इन्स्ट्रुमेंट्स) व्हॅक्यूम पंपाच्या ओढीवर चालतात, टर्न कोऑर्डिनेटर विजेवर. व्हॅक्यूम पंप बंद पडला की पहिले दोघे हळूहळू मंदावतात आणि खोटं बोलायला लागतात, टर्न कोऑर्डिनेटर शाबूत राहतो. ढगात असताना हे वेळेत ओळखणं हा शिकण्याचा मोठा भाग. एक्स-प्लेनमध्ये पिच, रोल आणि हेडिंगसाठी व्हॅक्यूम, इलेक्ट्रिक आणि एएचएआरएस (इलेक्ट्रॉनिक सेन्सरवर चालणारी प्रणाली) असे वेगवेगळे डेटारेफ दिलेत ते यासाठीच. तुम्ही फ्लाइटमॉडेलमधलं खरं हेडिंग घेतलंत, तर पंप बंद करा नाहीतर काहीही करा, तुमचं गेज अचूक दिशा दाखवत राहील. जायरोचं हळूहळू सरकणंही दिसणार नाही. मग दर पंधरा मिनिटांनी होकायंत्राशी ताडून बघायची सवय तरी कशी लागणार?

एअरस्पीडचंही तसंच. पिटो नळीचं, म्हणजे वेग मोजायला समोरची हवा आत घेणाऱ्या नळीचं, तोंड आणि पाणी निघायचं भोक, दोन्ही बर्फाने बंद झाली की आत दाब कोंडला जातो, आणि चढताना वेग वाढल्याचा भास होतो. हे सगळं सिम्युलेटरमध्ये घडवता येतं, फक्त आकडा बरोबर जागेवरून घ्यायला हवा. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर वापरणाऱ्यांनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी एवढंच: 'प्लेन पिच डिग्रीज' या व्हेरिएबलच्या नावात डिग्री असली तरी मूळ एकक रेडियन आहे, आणि नाक खाली गेलं की आकडा धन होतो. होरायझन उलटा हलताना दिसला तर आधी हे तपासा.

आकडा आणण्याची पद्धत तुम्ही लिहिली नाहीत, तरी सांगून ठेवतो. एक्स-प्लेन यूडीपी या नेटवर्कवरच्या संदेशपद्धतीच्या ४९००० क्रमांकाच्या पोर्टवर विनंती घेतो. आरआरईएफ या प्रकारचं पाकीट, म्हणजे डेटाचा एक संच, पाठवायचं: किती वेळा हवं, तुमचा क्रमांक काय, डेटारेफचं नाव काय. नावासाठी ४०० बाइटची जागा ठरलेली आहे. नाव छोटं असलं तरी उरलेली जागा शून्यांनी भरून पूर्ण ४१३ बाइटचं पाकीट गेलं पाहिजे. पाठवतोय पण उत्तर येत नाही, अशी तक्रार असली की पहिल्यांदा मी हीच लांबी मोजतो. सेकंदाला तीस वेळा मागणी ठेवा, पुरेशी होते. घरात लॅपटॉप वेगळा ठेवणार असाल तर वाय-फाय नको, लॅनची केबल टाका. वाय-फायवर पाकिटं गठ्ठ्याने येतात आणि काटा अडखळत चालतो.

आता कोन. तुमच्या दहा नॉटचं मूळ इथे आहे. तुम्ही ४० नॉटचा कोन आणि २०० नॉटचा कोन मोजून मधलं सगळं सरळ प्रमाणात वाटून टाकलंत असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. खऱ्या एअरस्पीड इंडिकेटरमध्ये तसं नसतं. आतली पातळ धातूची डबी दाबाने फुगते, आणि हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ४० नॉटच्या चौपट दाब ८० नॉटला. डबीचं हे फुगणं काट्यापर्यंत नेणाऱ्या कड्या ते बरंचसं सरळ करतात, पण पूर्ण नाही. म्हणून डायलवरचे दहा-दहा नॉटचे टप्पे सारखे नसतात. कमी वेगाला एक अंतर, मध्ये वेगळं, शेवटी आणखी वेगळं.

उपाय साधा आहे, थोडा कंटाळवाणा आहे, आणि त्याला पर्याय नाही. तुमच्या मॉडेलच्या डायलचा अगदी समोरून घेतलेला फोटो मिळवा. तो इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये उघडा, मध्यबिंदूवर एक रेघ ठेवा आणि ती फिरवून प्रत्येक दहा नॉटच्या खुणेचा कोन लिहून घ्या. वर शून्य, घड्याळाच्या दिशेने वाढता. वीसेक आकड्यांचा तक्ता होईल. प्रोग्रॅममध्ये हा तक्ता ठेवायचा, आलेला वेग कुठल्या दोन खुणांच्या मध्ये पडतो ते शोधायचं, आणि फक्त त्या दोन खुणांमध्ये सरळ प्रमाण लावायचं. समजा ६० ची खूण ७२ अंशांवर आहे आणि ७० ची ९५ वर, तर ६५ नॉटला काटा साडेत्र्याऐंशी अंशांवर. बस. फोटो जरा तिरका असेल तर वर्तुळ लंबगोल दिसतं. मोजण्याआधी ते सरळ करून घ्या, नाहीतर तक्ताच चुकीचा होतो.

डायलवरचे रंगीत पट्टेसुद्धा याच तक्त्यावरून काढा, डोळ्यांच्या अंदाजाने नको. १७२एस साठी पांढरा ४० ते ८५, हिरवा ४८ ते १२९, पिवळा १२९ ते १६३ आणि लाल रेघ १६३ वर, सगळे इंडिकेटेड, म्हणजे गेजवर दिसणाऱ्या, नॉटमध्ये. जुन्या १७२ चे आकडे वेगळे आहेत, तेव्हा फोटो एका मॉडेलचा आणि पट्टे दुसऱ्याचे असं होऊ देऊ नका. आकड्यांच्या अक्षरांसाठी एमएस३३५५८ नावाचा लष्करी मानकातला टंक शोधा. खऱ्या डायलवरचे ठसठशीत आकडे त्यातलेच असतात. तो लावला की घरी छापलेला डायल एकदम विमानातला वाटायला लागतो. एवढ्या थोड्या कष्टात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

हा तक्ता मोटरला बांधलेला नाही. स्क्रीनवर काढा, स्टेपर लावा, उद्या दुसरी मोटर आणा, तक्ता तोच राहतो. म्हणून माझा सल्ला असा की सहाही इन्स्ट्रुमेंट्स आधी त्या जुन्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर काढा. मोटरी नंतर.

त्या लॅपटॉपचं माप या कामाला छान जुळतं. विमानातलं प्रमाणित भोक ३ १/८ इंचाचं, म्हणजे साडेएकोणऐंशी मिलिमीटरच्या आसपास. ८० धरा. दोन मध्यबिंदूंमध्ये ९० मिलिमीटर ठेवलं तर तीन रकाने आणि दोन ओळी मिळून २६० गुणिले १७० मिलिमीटर जागा लागते. १५.६ इंची स्क्रीनचा दिसणारा भाग सुमारे ३४४ गुणिले १९४ मिलिमीटर असतो. म्हणजे सहाही गेज खऱ्या आकारात बसतात, बाजूला थोडी जागाही उरते. स्क्रीन १३६६ गुणिले ७६८ ची असेल तर एका गेजला साधारण ३१८ पिक्सेल मिळतात. काट्याची कड दातेरी दिसू नये म्हणून अँटी-अलायझिंग लागेलच. फुल एचडी असेल तर ४४६ पिक्सेल मिळतात आणि काम सोपं होतं.

पुढे ६ मिलिमीटरची एमडीएफ किंवा ३ मिलिमीटरचं काळं अॅक्रिलिक, लेझर कटिंगवाल्याकडून ८० ची सहा भोकं पाडून. त्यावर प्रत्येक भोकाला थोडी उंच कडी. ही कडी महत्त्वाची: सपाट स्क्रीन सपाट वाटू नये हे काम तीच करते. काट्याखाली दोन-तीन पिक्सेल सरकवलेली धूसर सावली द्या, म्हणजे काटा डायलपासून वर उचललेला दिसतो. एक काळजी घ्या. स्वस्त लॅपटॉपच्या स्क्रीन बऱ्याचदा टीएन जातीच्या असतात. त्या खालून बघितल्या की रंग उलटे होतात, वरून बघितल्या की फिकट पडतात. पॅनल थोडं मागे कलतं करून नजर स्क्रीनला काटकोनात येईल असं बसवा.

सॉफ्टवेअर कुठलं हे तुमच्या आवडीवर आणि वेळेवर आहे. एअर मॅनेजर विकत घेतलंत तर पुष्कळ तयार गेज मिळतात, आणि स्वतःची लुआ भाषेत लिहिता येतात. चार दिवसांत उडायला बसायचं असेल तर तोच रस्ता. पण तुम्ही आर्डुइनोचा कोड स्वतः लिहिलाय, तर पायथनमध्ये किंवा ब्राउझरच्या कॅनव्हासवर स्वतः काढा असं मी म्हणेन. एक गेज म्हणजे शेवटी खालून वर रचलेले थर: डायल, काटा, मधली टोपी, कडीची सावली. काट्याचं चित्र असं बनवा की फिरण्याचा बिंदू चित्राच्या बरोबर मध्यावर येईल. मग नुसतं फिरवायचं राहतं.

थरथरीचं बघू. तीस वेळा येणारा आकडा दर वेळी दशांशात थोडा हलतो आणि काटा प्रत्येक वेळी त्याच्यामागे धावतो. स्क्रीनवर यासाठी हलका फिल्टर लावा: दर वेळी आधीच्या कोनात, नव्या-जुन्या कोनाच्या फरकाचा तीन दशांश भाग मिळवा. त्याने दहावा भाग सेकंद उशीर होतो, डोळ्याला तो जाणवत नाही. हेडिंगला मात्र हा फिल्टर जसाच्या तसा लावला तर ३५९ वरून १ वर जाताना कार्ड सगळं उलटं फिरून येईल. फरक काढताना तो नेहमी उणे १८० ते अधिक १८० मध्ये आणून मगच वापरा.

व्हर्टिकल स्पीडला फिल्टर लावू नका. खऱ्या व्हीएसआयमध्ये हवा एका बारीक छिद्रातून झिरपते आणि काटा स्थिरावायला सहा ते नऊ सेकंद घेतो. इंडिकेटर्स शाखेतला आकडा दाखवायचाच म्हणून दिलेला असतो. त्यावर तुमचा उशीर चढवलात तर नाक वर केल्यावर काटा वागायला हवा त्याहून सुस्त वागेल, आणि तुम्ही त्याच्यामागे नाक वर-खाली करत बसाल. खात्री करायची असेल तर एक्स-प्लेनमधलं थ्रीडी कॉकपिट आणि तुमचं पॅनल शेजारी ठेवा, नाक झटकन दहा अंश वर करा आणि दोन्ही काटे एकत्र पाहा. प्रत्येक गेजची माझी शेवटची परीक्षा हीच असते.

स्क्रीनवर सगळं नीट चालायला लागलं की मग मोटरींकडे या. सहाही गेज मोटरवर करायच्या भानगडीत पडू नका. होरायझनला दोन अक्षांची हालचाल लागते, त्यातली एक दुसरीच्या पोटात. घरी ते करणारे लोक आहेत, पण बाकीच्या पाच गेजला लागेल तेवढा वेळ त्या एकालाच जातो. हेडिंगचं कार्ड सतत गोल फिरतं. ही दोन्ही मधल्या रकान्यात एकाखाली एक आहेत, हे आपल्या पथ्यावर पडतं. आठ इंची १६:१० स्क्रीन उभी लावली की तिचा दिसणारा भाग सुमारे १०८ गुणिले १७२ मिलिमीटर होतो. आपल्याला उंचीला १७० हवेत, बरोबर बसतं. रुंदीला फ्रेम धरून ती शेजारच्या गेजच्या हद्दीत थोडी घुसते, पण शेजारी डायलची पत्रीच मोठी असते, मोटर लहान. स्क्रीन पत्रीच्या मागच्या पातळीत ठेवली की जमून जातं. उरलेली चार मोटरवर: एअरस्पीड, व्हीएसआय, टर्न कोऑर्डिनेटर, अल्टिमीटर.

एअरस्पीडला एक्स२७.१६८ वापरा. ही मोटारगाडीच्या डॅशबोर्डमधली मोटर: आवाज जवळजवळ नाही, एका पायरीला एक तृतीयांश अंश, मायक्रोस्टेपचा ड्रायव्हर लावला तर अंशाचा बारावा भाग. कॉइलला वीसेक मिलिअँपिअर लागतात, त्यामुळे एक-दोन मोटरी आर्डुइनोच्या पिनांवर थेट चालतात, पण ड्रायव्हर लावलात तर काटा लोण्यासारखा सरकतो. तिला आत आडकाठी आहे आणि ती ३१५ अंशच फिरते. सुरू करताना मागे आडकाठीपर्यंत नेली की शून्य सापडतं, सेन्सर लागत नाही. व्हीएसआयला हेच ३१५ आडवे येतात. खऱ्या डायलवर शून्य घड्याळातल्या नऊच्या जागी असतं आणि वर-खाली दोन्हीकडचे २००० (फूट प्रति मिनिट) तीनच्या जागी जवळजवळ एकमेकांना भेटतात. तिथे दोन पर्याय: २८बीवायजे-४८ वापरा, नाहीतर डायल स्वतः आखताना २००० च्या खुणा दोन्हीकडे १५० अंशांवर आणा. मी दुसरा निवडतो. डोळ्याला फरक फारसा दिसत नाही आणि काटा शांत चालतो.

टर्न कोऑर्डिनेटरमधलं छोटं विमान एका लहान सर्व्होवर सहज होतं, कारण हालचाल थोडी आहे. खालचा गोळा (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारा) खऱ्या काचेच्या नळीत ठेवून उपयोग नाही. खोली वळत नाही, तर गोळा काय हलणार! वक्र खाचेमागे एक काळी चकती दुसऱ्या सर्व्होने हलवा.

आता तुमच्या हातातल्या २८बीवायजे-४८ चे दोष. हिच्या एका फेरीला २०४८ पायऱ्या असं सगळीकडे लिहिलेलं असतं. बहुतेक मोटरींत आतल्या दात्यांचं गुणोत्तर ६४ नसून ६३.६८ च्या आसपास असतं, म्हणजे पायऱ्या सुमारे २०३८. एका फेरीत पावणेदोन अंशांचा फरक, एअरस्पीडवर तो नॉटभराचा. अल्टिमीटरवर दर हजार फुटांना पाच फूट. तुमची मोटर कुठली ते बघायला काट्याची जागा खूण करा, २० फेऱ्यांच्या म्हणजे ४०,९६० पायऱ्या द्या. काटा खुणेच्या ३५ अंश पुढे गेला तर तुमची २०३८ वाली. दुसरा दोष दात्यांमधली ढिलाई. दिशा बदलली की काटा क्षणभर जागचा हलत नाही, आणि हाताने हलवला तर डुगडुगतो. खऱ्या इन्स्ट्रुमेंटमध्ये यासाठी केसाएवढी बारीक सर्पिल स्प्रिंग असते, ती दाते नेहमी एकाच बाजूला टेकवून ठेवते. जुन्या काट्याच्या व्होल्टमीटरमधली स्प्रिंग इथे कामाला येते, घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांकडेही मिळू शकते. शिवाय दोन पायऱ्यांपेक्षा कमी बदल असेल तर मोटर हलवूच नका, असा नियम कोडमध्ये घाला. थरथर तिथेच निम्मी होईल. आणि या मोटरींना वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय द्या, आर्डुइनोच्या पिनवरून नको, फक्त ग्राउंड दोघांचं एक ठेवा.

अल्टिमीटर. मला सगळ्यात प्रिय असलेलं इन्स्ट्रुमेंट हेच. पॉल कोल्समनने १९२८ मध्ये संवेदनशील अल्टिमीटर बनवला, आणि पुढच्याच वर्षी २४ सप्टेंबरला जिमी डूलिटल या अमेरिकी वैमानिकाने न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर बाहेरचं काहीही न बघता विमान उडवून उतरवलं. तेव्हा समोर कोल्समनचा अल्टिमीटर आणि स्पेरीचे होरायझन व डायरेक्शनल जायरो होते. बाहेरच्या हवेचा दाब लावायची डायलवर जी छोटी खिडकी असते, त्या दाबाच्या खिडकीला आजही कोल्समनचंच नाव आहे.

मोठा काटा एका फेरीत हजार फूट मोजतो, आखूड रुंद काटा दहा हजार, आणि तिसरा लाख. मोठा काटा आतल्या दांड्यावर, आखूड काटा त्याभोवतीच्या नळीवर, आणि दोघांमध्ये दहास एक. दांडा आणि नळी एकाच अक्षावर असल्याने दोन्ही टप्प्यांत मध्यबिंदूंचं अंतर सारखं हवं, म्हणजे दात्यांची बेरीज सारखी. मी २४ दाते ४८ ला लावतो आणि १२ दाते ६० ला. दोन्ही बेरजा ७२, गुणोत्तर दोन गुणिले पाच म्हणजे दहा, आणि टप्पे दोन असल्याने दोन्ही काटे एकाच दिशेने फिरतात. मॉड्युल (दात्याच्या आकाराचं माप) ०.६ घेतलं तर मध्यबिंदूंचं अंतर २१.६ मिलिमीटर येतं. सगळ्यात दूरचा दात मध्यापासून ३६.६ वर जातो, ८० च्या कडीत मावतो. बाजूचा दांडा बाहेरच्या अंगाला ठेवा, म्हणजे मधल्या स्क्रीनला लागणार नाही. एवढे बारीक दाते साध्या फिलामेंटच्या प्रिंटरवर नीट येत नाहीत. रेझिनवर छापून घ्या.

मोटरला इथे आडकाठी चालत नाही, म्हणून २८बीवायजे-४८, आणि शून्य शोधायला हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक समोर आला की ओळखणारा. बरेच जण एकच सेन्सर आखूड काट्यावर लावतात. त्यात एक अंशाची चूक झाली तर मोठ्या काट्यावर ती दहा अंशांची होते, म्हणजे जवळपास २८ फूट. दोन्हींवर लोहचुंबक लावा: आखूड काट्याचा सेन्सर लागेपर्यंत फिरवा, तिथून पुढे मोठ्याचा लागेपर्यंत. मग चूक तीन फुटांच्या आत येते. ही मोटर मिनिटाला पंधराएक फेऱ्या करते, म्हणजे १५,००० फूट. १७२ ला ते भरपूर आहे. फक्त पुण्याच्या धावपट्टीवर सिम्युलेटर उघडलात की शून्यापासून १,९४२ फुटांपर्यंत पोचायला तिला सात-आठ सेकंद लागतील, तेव्हा ती अडकली असं समजू नका.

तिसऱ्या काट्याबद्दल. मोटरच्या गेजमध्ये तो वगळा असं मी सांगेन. त्यासाठी आणखी एक दहास एकचा संच लागतो, आणि १०,००० फुटांखाली उडताना तो दहाव्या भागापलीकडे सरकत नाही. स्क्रीनवरच्या गेजमध्ये मात्र तिन्ही काढा, आणि प्रत्येकाचा आकार खऱ्यासारखा ठेवा. तीन काट्यांचा अल्टिमीटर वाचताना पायलट मोठ्या चुका करतात, हे फिट्स आणि जोन्स या संशोधकांनी अमेरिकेत १९४७ मध्येच दाखवलं होतं. काटे एकमेकांसारखे दिसले की ती चूक आणखी सोपी होते.

दाबाच्या खिडकीसाठी ०.९१ इंची ओएलईडी खाचेमागे आणि नॉबला रोटरी एन्कोडर (नॉब किती फिरवला ते मोजणारा भाग). एन्कोडरने काटा थेट फिरवू नका. एक्स-प्लेनचा बॅरोमीटरचा डेटारेफ बदला आणि उंचीचा आकडा परत येऊ द्या. एक्स-प्लेन तो पाऱ्याच्या इंचांत ठेवतो, आपल्याकडे क्यूएनएच (अल्टिमीटरला लावायचा, समुद्रसपाटीला आणलेला दाब) हेक्टोपास्कलमध्ये देतात. १०१३.२५ म्हणजे २९.९२, तेवढं गुणोत्तर लावून खिडकीत हेक्टोपास्कल दाखवा. एका हेक्टोपास्कलला जमिनीजवळ सुमारे २७ फूट हलतात. नॉब फिरवून हेच मोजून बघितलंत की सबंध साखळीची तपासणी एका दमात होते.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत शोधा. एक्स२७ बऱ्याचदा ऑनलाइनच मागवावी लागते. घरच्या सिम्युलेटरवरचे तास लॉगबुकात धरले जात नाहीत, पण सहा गेजवरून नजर फिरवण्याची सवय मात्र पक्की होते. लायसन्सकडे वळायचा विचार असेल तर पॅनल खऱ्या आकाराचं आणि खऱ्या मांडणीचंच ठेवा.

भोकं कापायला देण्याआधी एक करा. सहाही डायल खऱ्या मापात कागदावर छापा, पुठ्ठ्यावर चिकटवा, पुठ्ठा पॅनलच्या जागी उभा करा आणि नेहमीच्या खुर्चीत योक (विमान वळवायचं हँडल) धरून बसा. योकचा दांडा खालच्या ओळीवर येतो, बहुधा टर्न कोऑर्डिनेटर किंवा हेडिंग झाकलं जातं. तसं होत असेल तर डोळ्यांची उंची, योकची उंची आणि पुठ्ठ्यापर्यंतचं अंतर, अशी तीन मापं इथे लिहा. पॅनल किती वर घ्यायचं आणि किती कलतं ठेवायचं ते काढून देतो.